कासव, पाहुणे आणि रात्रीची गस्त

वाराणसीच्या बालाजी घाटावर मराठी माणूस जातो तो पेशव्यांच्या नावाने. अठराव्या शतकात पेशव्यांनी बांधलेला हा घाट. अलीकडे ग्वाल्हेरकरांचा आणि जटारांचा घाट, पलीकडे पंचगंगा आणि त्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले बिंदुमाधवाचे देऊळ. काशीतला हा टापू बराचसा आपल्याच लोकांनी घडवलेला. बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे रियाज करीत, हेही यात्रेकरूंना सांगितले जाते. समोरचे पाणी मात्र तीस वर्षे कासवांचे अभयारण्य होते आणि आता ते नाही, ही गोष्ट नावेतून घाट दाखवताना सहसा कोणी काढत नाही.

ती काढायला हवी. कासव वाचवणे आणि कासव दाखवणे यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आज कोकणातल्या गावागावांत उभा आहे. वेळास, आंजर्ले, दिवेआगर, गुहागरच्या किनाऱ्यांवर दर उन्हाळ्याच्या तोंडाला गर्दी लोटते ती समुद्री कासवाची पिल्ले पाहायला. कोकणातले कासव खाऱ्या पाण्यातले, गंगेतले गोड्या पाण्यातले. जाती वेगळ्या, सवयी वेगळ्या. तरी दोन्हींच्या संरक्षणाचे हिशेब शेजारी ठेवले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. असा हिशेब मांडताना मी प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट तपासतो. पाहुणे नसतात त्या रात्री घरट्याजवळ कोण असते, आणि त्याच्या घरची चूल कशावर पेटते?

काशीपासून सुरुवात करू. १४ जून १९८६ रोजी राजीव गांधींच्या हस्ते वाराणसीतच गंगा कृती योजनेचा प्रारंभ झाला. सांडपाण्याचे प्रकल्प, विद्युतदाहिन्या यांच्या जोडीला त्या योजनेत एक अनोखी कल्पना होती. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवरून नदीत जाणारे अर्धवट जळालेले देह ही गंगेची मोठी अडचण. गंगेतली मऊ पाठीची कासवे मांस खातात, तेव्हा ती वाढवून नदीत सोडली तर नदी स्वतःच स्वतःची साफसफाई करील, असा विचार झाला. सारनाथला प्रजनन केंद्र निघाले. चंबळ आणि यमुनेच्या काठांवरून अंडी आणायची, केंद्रात उबवायची, पिल्ले वाढवायची आणि वाराणसीला गंगेत सोडायची. यमुनेचे वाहन कासव आणि गंगेचे मगर. इथे यमुनेचे वाहन गंगेच्या कामाला लावले गेले. अशी हजारो कासवे सोडली गेली. त्यांना आसरा मिळावा म्हणून १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सुमारे ७ किलोमीटरचे पात्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. गोड्या पाण्यातल्या कासवांसाठीचे देशातले पहिले अभयारण्य अशी त्याची ओळख. बालाजी घाट या पट्ट्याच्या ऐन आत येतो.

कल्पना मोहक होती, पण तिच्यात कासव हे साधन होते. नदी स्वच्छ करण्यासाठी ते आणले, म्हणून त्याच्या जगण्याचा विचार दुय्यम राहिला. कासवाला ऊन खायला निवांत वाळू लागते, अंडी घालायला पाण्यापासून उंच, न तुडवलेला काठ लागतो. पश्चिमेला घाटांची सलग दगडी भिंत, तेव्हा आधार उरला तो पूर्वेकडच्या रेतीचा. पात्रात दिवसभर नावा, त्यांच्या मोटरी, धूर, आरत्यांचे दिवे, ध्वनिक्षेपक. मासेमारीवर बंदी आली, रेती उपसण्यावर बंदी आली. ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते त्या निषाद, मल्लाह कुटुंबांना अभयारण्य म्हणजे फक्त मनाईचा फलक. बंदीच्या बदल्यात त्यांच्या हाती काही पडले नाही, कासव राखायचे कामही त्यांना कोणी दिले नाही. दुसरीकडे, उपसा थांबल्याने पूर्वेला रेती साठते आणि प्रवाह घाटांच्या पायावर घासतो, असा आक्षेप नदीच्या काही अभ्यासकांनी घेतला. सोडलेल्या कासवांतली किती उरली याची खात्रीशीर मोजदाद नसल्याने अभयारण्याची बाजू मांडायला कोणापाशी आकडाही नव्हता.

मग जलमार्ग आला. हल्दिया ते प्रयागराज या राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ साठी रामनगरजवळ मालवाहतुकीचे टर्मिनल बांधले गेले, नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. जहाजांच्या वाटेत अभयारण्य आडवे येत होते. २०२० साली ते अधिसूचनेतून वगळण्यात आले आणि त्याऐवजी प्रयागराज, मिर्झापूर आणि भदोही जिल्ह्यांतल्या गंगेच्या सुमारे ३० किलोमीटरच्या पट्ट्याला नवे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. जीवशास्त्राच्या दृष्टीने ती जागा कदाचित अधिक योग्य असेल. तिथे शहर नाही, वाळूचे मोकळे काठ आहेत. पण एका संरक्षित क्षेत्राचे नाव कागदावरून पुसले जाते आणि शहराला त्याची चुटपुटही लागत नाही, हे मला फार गंभीर वाटते. १३ जानेवारी २०२३ रोजी ‘गंगा विलास’ हे पर्यटक जहाज वाराणसीहून निघाले, त्याच दिवशी घाटांसमोरच्या रेतीवर तंबूंचे शहर उघडले. कासवांच्या हक्काच्या त्या काठावर राहुट्या, न्हाणीघरे, दिवे आले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले.

नावेत बसलेला पर्यटक यात कुठे असतो? हिवाळ्यात घाटांसमोर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. नावेवर शेवेच्या पुड्या विकत मिळतात. मूठभर शेव फेकायची, पक्षी डोक्यावर घिरट्या घालतात, फोटो निघतो. मासे आणि पाणकिडे टिपणाऱ्या पाखरांना तळलेले, खारट बेसन खायला घालण्याचा हा उद्योग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालतो, आणि खाऊ घालणाऱ्याला तो पुण्याचा वाटतो. नावाड्याला त्यातून चार पैसे मिळतात, म्हणून तो ‘नको’ म्हणत नाही. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. नदी राखण्याचे चार पैसे त्याला कोणी देऊ केले, तर तो हे काम आपल्यापेक्षा चांगले करील. नमामि गंगे कार्यक्रमात भारतीय वन्यजीव संस्थेने काठावरच्या लोकांना ‘गंगा प्रहरी’ म्हणून तयार करायला घेतले, ती दिशा बरोबर आहे. पण अभयारण्य होते त्या तीस वर्षांत हे घडले असते, तर ‘हलवू नका’ म्हणणारे निदान काही आवाज घाटावरूनच उठले असते.

आता कोकणात येऊ. बाणकोटच्या खाडीजवळ, मंडणगड तालुक्यात वेळास. नाना फडणवीसांचे मूळ गाव, महालक्ष्मीचे देऊळ, नारळ-पोफळीच्या वाड्या. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी या भागात हिंडत होते. किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. कासवे येतात आणि त्यांची अंडी माणसे, कुत्री नि कोल्हे मिळून संपवतात, हे उघड होते. ऑलिव्ह रिडले हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असले तरी किनाऱ्यावर अंडी काढणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. घरी खायला, शेजारी द्यायला, क्वचित बाजारात विकायला अंडी नेली जात. संस्थेने तक्रारी केल्या नाहीत, छापे घालायला लावले नाहीत. ज्यांना घरटी नेमकी सापडत, त्यांनाच घरटी राखायला सांगितले. ब्राझीलमध्ये १९८० साली सुरू झालेल्या ‘तामार’ प्रकल्पानेही हेच केले होते. अंडी आणि कासवे गोळा करणाऱ्या कोळ्यांनाच पगारी रक्षक नेमले.

हे काम जवळून पाहिले की त्यातली नजाकत कळते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री किनाऱ्यावर येतात. घरटी राखणारा गावकरी, म्हणजे कासवमित्र, उजाडण्याआधी भरतीच्या रेषेवरून चालत निघतो. ओल्या वाळूवर मादीच्या वल्ह्यांचे ठसे वर जातात आणि फिरून समुद्राकडे उतरतात. दोन्हींच्या मध्ये वाळू विसकटलेली असते, कारण मादी जाताना खड्डा लपवून जाते. काठी हलकेच टोचत गेले की एका जागी ती अलगद आत शिरते, तिथे घरटे. हाताने वाळू काढायची. दीडएक फूट खोल, वर अरुंद आणि खाली फुगीर अशा खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती घालून काहीच तास झाले असतील तोवर हलवायची. नंतर आतला जीव कवचाला धरतो, आणि अंडे उलटे झाले तर तो मरतो. म्हणून उचलताना अंड्याची वरची बाजू वरच राहील इतके जपायचे. कुंपण घातलेल्या हॅचरीत तितकाच खोल, तसाच खड्डा काढायचा, अंडी ठेवायची, फलकावर तारीख आणि संख्या लिहायची. पंचेचाळीस ते साठ दिवस जातात. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात. वाळू मधोमध किंचित खचली की समजायचे, खाली हालचाल सुरू झाली.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला आणि पर्यटकांना गावातल्या घरांत राहायची सोय झाली. हॉटेल नाही, घरातल्याच खोल्या, घरच्याच बायकांच्या हातचे जेवण. गावाच्या दृष्टीने ही उलथापालथ होती. अंडे एकदाच खाता येते, पिल्लू पाहायला येणारा मात्र दर वर्षी येतो, हे गणित घराघरांत पटले. ज्या घरात पाहुणे उतरतात त्या घरातला कोणी अंड्यांवर हात टाकणार नाही आणि दुसऱ्यालाही टाकू देणार नाही. पुढे वनविभाग आणि कांदळवन कक्ष यांनी हे काम किनाराभर नेले, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कासवमित्र नेमले गेले. माझ्या कसोटीवर वेळास उतरते ते इथे. रात्रीच्या गस्तीची आणि घरातल्या चुलीची गाठ पडली.

पण ही गाठ सैल होण्याचा धोकाही महोत्सवातच आहे, आणि तो स्पष्ट बोलायला हवा. पिल्ले निसर्गतः रात्री वाळूबाहेर येतात. अंधारात शत्रू कमी, वाळू गार. बाहेर पडताच त्यांच्या अंगात पोहण्याची एक उसळी असते. साधारण पहिला दिवसभर ती न थांबता पोहतात आणि किनाऱ्याजवळच्या माशांपासून, पक्ष्यांपासून दूर जातात. ही ताकद त्यांनी अंड्यातून आणलेल्या शिदोरीतली. ती वाया गेली की भरून येत नाही. पिल्ले टोपलीखाली तासन् तास अडकून वळवळत राहिली, तर उसळी तिथेच खर्च होते. हिरव्या कासवांच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत अडकवून ठेवलेल्या पिल्लांचा पोहण्याचा वेग घटलेला आढळला आहे. वेळासला सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास टोपल्या उघडतात. मध्यरात्री बाहेर आलेल्या पिल्लांना सातपर्यंत थांबवणे ही तडजोड आहे. रात्री टोपल्यांची फेरी होत असेल आणि आलेली पिल्ले तेव्हाच सुटत असतील, तर सकाळी टोपली रिकामी निघेल आणि दोनशे किलोमीटरवरून आलेला माणूस हिरमुसेल. तो हिरमुसलेला चालेल, असे म्हणण्याची हिंमत आयोजकांना हवी. ‘महोत्सवाच्या तारखा’ जाहीर होतात. पिल्लांची तारीख वाळूची ऊब ठरवते.

या उबेवर आणखीही काही ठरते. नर की मादी हे अंड्यातल्या तापमानावर अवलंबून असते. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याहून वाळू तापली की माद्या वाढतात, गार राहिली की नर. हॅचरी कुठे घातली, वर सावली किती, घरटी किती दाटीने मांडली यावर किनाऱ्यावरच्या एका पिढीचे लिंगप्रमाण झुकू शकते. म्हणूनच जिथे कुत्र्यांचा आणि भरतीचा धोका नाही तिथे घरटे जागच्या जागी जाळी घालून राखणे केव्हाही सरस. पर्यटकांना ते गैरसोयीचे, कारण घरटी लांब लांब विखुरलेली असतात. कासवाला मात्र तेच सोयीचे.

ही कासवे कुठे कुठे जातात याचा पत्ता आता थोडा लागू लागला आहे. २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी वेळास, आंजर्ले आणि गुहागरला मिळून पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी ही त्यांची नावे वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचली. पुढल्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर ओडिशातला बिल्ला होता. २०२१ साली गहिरमाथ्याला तो लावलेला. दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालणारी मादी! त्या दिवसापासून कोकणचे कासव आणि ओडिशाचे कासव असा भेद करणे अवघड झाले आहे.

ओडिशाचा व्याप प्रचंड. ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे सात लाख माद्या काही दिवसांत अंडी घालून गेल्या. तिथे १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारीवर निर्बंध असतात आणि त्याची झळ किनाऱ्यावरच्या गरीब कोळ्यांना बसते. त्याच सुमारास, जानेवारीत, चेन्नईच्या किनाऱ्यावर हजाराहून अधिक कासवे मरून लागली, बहुतेक ट्रॉलरच्या जाळ्यांत गुदमरून. कासव फुप्फुसाने श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर बुडून मरते. हॅचरीतून सुटलेल्या हजार पिल्लांतून एखादेच मोठे होईल अशी स्थिती असताना, समुद्रात मेलेली प्रत्येक प्रौढ मादी म्हणजे कित्येक हंगामांच्या गस्तीवर पाणी. पिल्ले सोडण्याचा सोहळा दिसतो, जाळ्यातला मृत्यू दिसत नाही, म्हणून लोकांचे लक्ष आणि पैसा पहिल्याकडे वळतो. महाराष्ट्राने इथे एक मोलाचे पाऊल टाकले आहे. डिसेंबर २०१८ पासून कासव, डॉल्फिन, देवमासा यांसारखा संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला नुकसानभरपाई म्हणून २५ हजार रुपयांपर्यंत मिळतात. महोत्सवाला येणाऱ्यांपैकी किती जणांना ही योजना ठाऊक असते? माझ्या मते हॅचरीच्या फलकाशेजारी तिचा फलक असायला हवा. पावसाळ्यात फाटक्या जाळ्यांत गुरफटून, वल्ही तुटून किनाऱ्याला लागणाऱ्या कासवांवर डहाणूच्या केंद्रात उपचार होतात. त्या कामालाही प्रेक्षक नाहीत.

गोव्यात उलटा क्रम आहे. तिथे पर्यटन आधी फोफावले आणि कासवाला त्यात जागा काढून द्यावी लागली. २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांचे किनारे म्हणून वेगळे नोंदले गेले. गालजीबागला सुरूच्या बनांमागे अजून अंधार आहे. मोरजीत शॅकचे दिवे आणि संगीत यांवरून वाद न्यायालयापर्यंत जात राहतात. पिल्लू वाळूतून बाहेर येते ते उजेडाच्या दिशेने धावते. निसर्गात तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असतो, इथे बारचा. बिचारे रस्त्याकडे जाते.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये कोस्टा रिकातल्या ओस्तिओनाल किनाऱ्यावर ऐन अंडी घालण्याच्या वेळी शेकडो पर्यटक घुसले, मुलांना कासवांच्या पाठीवर बसवून फोटो काढले आणि कित्येक माद्या अंडी न घालताच परत फिरल्या. रक्षक होते, पण लोंढ्यापुढे अपुरे. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खासगी हॅचऱ्यांचा धंदाच आहे. तिकीट काढायचे, टाकीतले पिल्लू तळहातावर घ्यायचे. पिल्ले दिवसेंदिवस टाकीत राहतात, कारण उद्याच्या गिऱ्हाइकालाही काही दाखवायचे असते. तिथेही गावकऱ्याला पैसा मिळतो, अंडी विकत घेतली जातात. म्हणजे चूल पेटणे पुरेसे नाही. ती गस्तीवर पेटते की दाखवण्यावर, हे पाहावे लागते.

कोकणात आज ही रेघ पुसट होते आहे. पिल्लू हातात घेऊन सेल्फी काढू देणारी माणसे एखाददुसऱ्या किनाऱ्यावर भेटतात. पुळणीवर चारचाकी घालण्याचा शौक वाढला आहे. चाकाखाली वाळू दाबली गेली की खालच्या घरट्यातले पिल्लू वर येऊ शकत नाही, आणि चाकोरीत पडलेले पिल्लू त्या खोबणीतच धावत राहते. धूपप्रतिबंधक बंधारे किनाऱ्याची वरची वाळूच खातात, मग मादी चढणार कुठे? हे पर्यटकाच्या हातातले नाही, ग्रामपंचायतीच्या आणि सरकारच्या हातातले आहे. पर्यटकाच्या हातातले थोडेच, पण नेमके आहे. गावातल्या घरी उतरायचे, दोरीमागे उभे राहायचे, फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवायचा, पिल्लाला उचलून पाण्यात सोडायची घाई करायची नाही. वाळूवरची ती दहा-पंधरा पावले त्याने स्वतःच चालायची असतात.

गावांनी एक बदल करून पाहावा असे मला वाटते. पाहुण्याकडून घेतलेल्या पैशातला ठरावीक वाटा थेट गस्तीसाठी बाजूला काढावा आणि त्याचा हिशेब फलकावर लिहावा. हंगामापुरत्या मानधनावर राबणाऱ्या कासवमित्राला बाकीचे महिनेही किनाऱ्यावर काम मिळावे. मंडणगड-दापोलीच्या सहलीही आणि काशीयात्राही, दोन्ही चालवणाऱ्या मराठी यात्रा कंपन्या आहेत. त्यांनी बालाजी घाटासमोर नाव थांबवून नावाड्याला शेवेच्या पुडीऐवजी नदीची माहिती सांगण्याचे पैसे दिले, तर तेही करून पाहण्यासारखे आहे. भदोही-मिर्झापूरच्या नव्या ३० किलोमीटरांत रेतीवर कलिंगडे-काकड्या पिकवणारी आणि जाळी टाकणारी कुटुंबे आहेत. तिथे अंडी घालायला येणाऱ्या मादीची वाट सर्वांत आधी त्यांनाच दिसणार. त्यांना कासवमित्र नेमायला अजून वेळ गेलेली नाही.